बोया दिसत होता

मागच्या महिन्यात आमच्या पाटबंधारे खात्यातले निवृत्त लोक बिदरला एकत्र जेवायला जमले होते. मी जायला नको होतं. जेवणं झाल्यावर एकानं विषय काढला, "अरे, तो धरणावरचा फुगेवाला आठवतो का?" आणि सगळं टेबल हसायला लागलं. एकानं त्यांच्या चालण्याची नक्कल केली. दुसऱ्यानं ओरडण्याची केली. "फुगा मेरी जान" असं काहीतरी तिसरा बोलला. त्यातल्या निम्म्या लोकांनी त्यांना कधी पाहिलंही नव्हतं. मी हात न धुताच उठलो, घरी आलो आणि काही कारण नसताना बायकोवर ओरडलो. ती म्हणाली, "माझ्यावर कामून चिडायलाव? ज्याच्यावर चिडायचं त्याच्यावर चिडा की."

तिचं खरं होतं. म्हणून हे लिहायला घेतलंय. चिडायचं कुणावर, ते पुढं येईलच.

त्यांना आम्ही अप्पा म्हणायचो. ठाणाकुशनूरचे. ज्या गावात विहिरीपलीकडे पाणी माहीत नाही, त्या गावचा एक शेतकऱ्याचा पोरगा घरातून पळून जाऊन नेव्हीत भरती होतो, तिथं पाणबुड्या होतो, वीस वर्षं समुद्राच्या तळाशी काम करून परत येतो आणि तुरीच्या रानात उभा राहून भावाला म्हणतो, "मला ह्यातलं काही येत न्हाई." हे सगळं ऐकायला गमतीचं वाटतं. त्यांना त्यात गंमत वाटत नव्हती. आमच्या धरणाच्या तळदरवाज्यात गाळ आणि लाकडं अडकायला लागली तेव्हा खात्याला पाणबुड्या हवा होता. ते आले आणि रोजंदारीवर लागले. कायम कधीच झाले नाहीत, कारण आमच्या खात्याच्या यादीत पाणबुड्या नावाचं पदच नव्हतं.

मी तेव्हा नवीन इंजिनिअर होतो, भालकीचा, शिकाऊ मुदत अजून संपायची होती. अप्पांच्या कामावर लक्ष ठेवायला मला नेमलं होतं. म्हणजे ते पाण्याखाली असताना मी वर नावेत बसायचं.

अप्पा बुटके होते, छाती मात्र कोठीसारखी. पाण्याच्या दाबानं डावा कान गेलेला, त्यामुळे साधं बोलले तरी भांडल्यासारखं वाटायचं. आणि बरेचदा ते खरंच भांडतच असायचे. त्यांना एक शब्द अजिबात चालत नसे: "बघतो." नवा दोर पाहिजे म्हटलं की स्टोअरकीपर म्हणायचा, "बघतो." सिलिंडरमध्ये हवा भरून आणायला हैदराबादला गाडी पाहिजे म्हटलं की हेडक्लार्क म्हणायचा, "बघतो." अप्पा टेबलावर दोन्ही हात टेकून वाकायचे. "बघतो म्हनू नको. बघ. आत्ता बघ. मी हितंच उभा हाय." आणि खरोखर उभे राहायचे. एकदा ते स्टोअरच्या दारात सकाळपासून दुपारपर्यंत उभे होते. जेवायची सुट्टी झाली तरी हलले नाहीत. स्टोअरकीपरला बाहेर पडायला वाट नव्हती. शेवटी त्यानं दोर दिला.

नावेत बसायच्या पहिल्या दिवशी त्यांनी मला विचारलं, "तुझं काम काय?"

मी म्हटलं, "देखरेख."

"कशाची?"

"कामाची."

"काम खाली हाय. तुला खालचं दिसतंय?"

"नाही."

"मंग तुला काय दिसतंय?"

मी पाण्याकडे पाहिलं. काही दिसत नव्हतं. ते एवढे भडकले की नाव हलायला लागली. "त्येच सांगायलो! तुला काईच दिसत न्हाई. तुला बोया दिसला पायजे. बोया म्हंजे मी. बोया डावीकडं गेला, मी डावीकडं गेलो. बोया थांबला, मी काम करायलोय. बोया नाचायला लागला तर तू बोंबल. समजलं का, इंजिनेर?"

पाणबुड्या खाली कुठे आहे ते वरच्यांना कळावं म्हणून पाण्यावर तरंगत ठेवायची खूण म्हणजे बोया. एका दोरानं तो खाली पाणबुड्याशी जोडलेला असतो. गोष्ट एवढीच. या एवढ्याशा गोष्टीसाठी अप्पांनी आमचं एक अख्खं वर्ष खाल्लं.

खात्यानं दिलेला बोया थर्माकोलचा होता, ताटाएवढा. अप्पांनी तो पाण्यात टाकला, दोर खाली खेचला, बोया टुपकन बुडाला. "हे बग. म्या जरा वडलं की गेला. ज्याला मी वडून बुडवू शकतो त्यो मला काय धरंल?" मग त्यांनी भोई लोकांकडून वाळलेले भोपळे आणले, जाळ्याला बांधतात तसले. भोपळा तरंगायचा चांगला, पण पाण्यालगत बसायचा. जरा वारा सुटला आणि लाटा उठल्या की दिसेनासा व्हायचा. मग तुपाचे पत्र्याचे डबे आणून झाळून बंद केले. ते दिसायचे, पण कुणीतरी फेकलेला कचरा वाटायचे. अप्पांचं म्हणणं, बोया बघून माणसाला लगेच कळलं पाहिजे की हे कुणीतरी मुद्दाम ठेवलंय. पडलेलं न्हाई, ठेवलेलं.

रंगासाठी तर त्यांनी आम्हाला छळलं. बिदरच्या बाजारातून रंगीत कापडाच्या पट्ट्या आणल्या, धरणाच्या भिंतीला ओळीनं टांगल्या आणि मला पलीकडच्या काठावर पाठवलं. सकाळी, भर दुपारी, मावळतीला, ढग आले असताना. मी तिथून ओरडून सांगायचं, कोणता दिसतो, कोणता नाही. पांढरा बगळ्यांत आणि फेसात हरवायचा. हिरव्याचं नावच नको. लाल रंगावर माझा फार भरवसा होता, धोका म्हणजे लाल असं शाळेपासून ऐकलेलं. पण ऊन उतरलं की लाल काळा पडायचा, पाण्यावरची सावलीच वाटायचा. शेवटी नारिंगी उरला, आणि त्यावर एक पिवळा पट्टा. माझ्या घशाला महिनाभर आराम नव्हता. ऑफिसातले लोक खिडकीत उभे राहून हसायचे.

बोया अखेर झाला तो ट्रॅक्टरच्या ट्यूबचा. मन्नाएखेळ्ळीला हमरस्त्यावर एक टायरवाला होता, त्याच्याकडून जुनी ट्यूब आणली, ठिगळं तपासली, वरून नारिंगी ताडपत्रीचं कव्हर शिवून घेतलं, मधोमध वेताची काठी उभी केली आणि तिच्या टोकाला कापड. काठी माणसाच्या छातीइतकी उंच. "आडवं सपाट काई दिसत न्हाई पान्यावर," अप्पा म्हणायचे, "उभं दिसतंय." तो बोया पाण्यात टाकला आणि तिघांनी मिळून ओढला तरी पूर्ण बुडाला नाही. त्या दिवशी अप्पा पहिल्यांदा हसलेले मी पाहिले. खालचे दोन दात नव्हते.

दोराचेही त्यांचे नियम होते. सुती चालायचा नाही, पाणी पिऊन जड होतो. खोली असेल त्याच्या दीडपट लांब पाहिजे. दर वावेवर, म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर भरेल तेवढ्या अंतरावर, गाठ; अंधारातही चाचपून कळावं किती खाली आलो. दोर लाकडी रिळावर गुंडाळलेला आणि रीळ डाव्या हातात. अंगाला बांधायचा नाही. हे ते मला पुन्हा पुन्हा सांगायचे. मी तर कधी खाली जाणार नव्हतो, तरी सांगायचे. "बांधला की फास. वरून कोनी नाव घालून बोया वढला तर मी बी गेलो त्याच्यासंगं. हातात धरला तर सोडता येतो. ठेवायचा का सोडायचा, ते माझं मी ठरवनार."

आणि एक नियम सगळ्यांत वरचा. बोया पाण्यावर आहे म्हणजे खाली माणूस आहे. माणूस वर आला की बोया वर. एक मिनिटही रिकामा बोया पाण्यावर राहायचा नाही.

हा नियम मी मोडला. काम सुरू होऊन काही महिने झाले होते. एका संध्याकाळी अप्पा वर आले, थकले होते, अंग पुसत काठावर गेले. मला बोया ओढून नावेत घ्यायचा कंटाळा आला. उद्या सकाळी इथंच काम आहे, राहू दे म्हटलं. छान दिसत होता पाण्यावर. अप्पांनी चहाचा पहिला घोट घेतला, वळून पाहिलं, पेला खाली ठेवला आणि अंगावरच्या कपड्यांनिशी पोहत गेले. माझ्या डोळ्यांदेखत कमरेची सुरी काढून त्यांनी ती ट्यूब टराटरा फाडली. स्वतः महिनाभर खपून बनवलेली. मग तो चोथा ओढत काठावर आणला आणि माझ्या पायांवर टाकला.

"आज ह्याच्याखाली मी न्हवतो," ते म्हणाले. ओरडले नाहीत, त्यामुळे मी जास्त घाबरलो. "आज लोकांनी बगितलं, बोया हाय आन् खाली कोनी न्हाई. आता उद्या मी खाली असंन, आन् कोनीतरी म्हनंल, त्यो फुगा काय, रोजच आसतो."

मी मनात म्हटलं, म्हातारा खुळा आहे. नवीन बोया तयार व्हायला तीन आठवडे लागले. त्या तीन आठवड्यांत ते खाली उतरले नाहीत आणि आमच्या साहेबांनी मला दोनदा बोलावून झापलं.

हे आमचे साहेब. कार्यकारी अभियंता. आमच्यातलेच, घरी मराठी बोलणारे, गोरेगोमटे, नेहमी कडक इस्त्री. कुणाला अरेतुरे करत नसत. माणसाला जिवे मारायचा हुकूमसुद्धा त्यांनी 'जरा' आणि 'प्लीज' लावून दिला असता. दिलाच.

दरवाजा वर-खाली करायची यंत्रं भिंतीवर होती. हातानं फिरवायचं लोखंडी हँडल, मोठे दाते, आणि खाली दरवाज्यापर्यंत गेलेला दांडा. ते हँडल सांभाळायला एक खलाशी होते, वयस्कर, त्यांना आम्ही चाचा म्हणायचो. दखनी बोलायचे. अप्पा आणि चाचा एकमेकांशी फार बोलत नसत, पण उतरण्याआधी अप्पा भिंतीकडे तोंड करून हात वर करायचे आणि चाचा वरून हात वर करायचे. तेवढं झाल्याशिवाय अप्पा पाण्यात जात नसत.

त्या दिवशी तिसऱ्या दरवाज्याच्या उंबऱ्यावर एक बाभळीचं खोड अडकलं होतं. दरवाजा पूर्ण बसत नव्हता, खालून पाणी झिरपत होतं. अप्पा खाली होते, खोड हलवत होते. मी सकाळपासून नावेत बसून कंटाळलो होतो. दुपारी साहेबांची जीप भिंतीवर आली. हैदराबादहून पाहुणे आले होते, साहेबांच्या सासुरवाडीचे. बायका, मुलं, डबे, कॅमेरा. मला वरून हाक आली. मी नाव काठाला लावली आणि वर गेलो. हा माझा पहिला गुन्हा. नाव सोडून जायला नको होतं.

साहेब म्हणाले, "अहो, पाहुण्यांना जरा पाणी सुटताना दाखवू या. तीन नंबर थोडा उचला, प्लीज. दोनच मिनिटं."

चाचा म्हणाले, "साब, तीन नंबर पे आदमी है. नीचे."

"दुसरा कुठला उचलता येतो का?"

"बाकी के दोनों ग्रीस भरनेकू खोलके रख्या साब. तीनच चलता."

साहेबांनी भिंतीवरून वाकून पाहिलं. पाहुण्यांतला एक मुलगा म्हणाला, "वो बलून देखो!" नारिंगी बोया ऐन उन्हात चमकत होता. पिवळा पट्टा दिसत होता. काठीवरचं कापड दिसत होतं. सगळ्यांना दिसत होता. साहेब म्हणाले, "तो फुगा ना? तो तर रोजच असतो तिथं. आपला माणूस वर आला असेल, चहा घेत असेल."

मला माहीत होतं की अप्पा खाली आहेत. मीच त्यांना सोडून वर आलो होतो. माझ्या तोंडून निघालं, "साहेब, ते..." आणि साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. हसून. पाहुण्यांसमोर शिकाऊ पोरानं वाकडं बोलू नये एवढंच त्या नजरेत होतं. माझी मुदत संपायला दोन महिने होते. वाक्याचा उरलेला भाग मी गिळला.

"थोडंच," साहेब म्हणाले, "एवढ्यानं काही होत नाही."

चाचांनी हँडलवरचे हात काढून घेतले. "मैं नै घुमाता साब. मेरेकू नक्को बोलो."

"मग तुम्ही घ्या," साहेब मला म्हणाले.

मी घेतलं. हे लिहिताना मला माझ्या हाताची घाण वाटते. हँडल गरम होतं, ग्रीस लागलेलं. मी फिरवायला लागलो. जड होतं, दोन्ही हातांनी, अंगाचा भार घालून. एक फेरी. दुसरी. मी बोयाकडे पाहत नव्हतो. मुद्दामच पाहत नव्हतो. यंत्राच्या दात्यांकडे पाहत होतो. मागं भिंतीच्या पलीकडून पाण्याचा आवाज वाढला आणि पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. अकराव्या फेरीला एक बाई किंचाळली. मी मान वर केली. बोया नव्हता. तिघांनी ओढून बुडाला नव्हता तो बोया काठीसकट पाण्यात गेला होता.

चाचांनी मला धक्का मारून बाजूला लोटलं, हँडल खिट्टीतून उपसलं आणि धरणात भिरकावलं. मग भिंतीवर वाकून ते अप्पांना हाका मारायला लागले. पाण्याखाली असलेल्या, एका कानानं बहिऱ्या माणसाला.

बोया वर आला. परत गेला. परत आला. मग थरथरत एका जागी राहिला. आणि बऱ्याच वेळानं, निदान मला तरी तसं वाटलं, त्याच्या शेजारी अप्पांचं डोकं वर आलं. डाव्या हातानं त्यांनी बोयाला मिठी मारली होती. उजवा हात पाण्याबाहेर काढला तेव्हा पाहुण्यांनी मुलांचे डोळे झाकले. दरवाजा उचलल्यावर खोड आत ओढलं गेलं होतं आणि हात खोडात आणि उंबऱ्यात सापडला होता. पाणी पाय ओढत होतं, हात अडकलेला, आणि दुसऱ्या हातात दोर. बोया लहान असता तर दोराला तोलच मिळाला नसता. त्या दोरावर जोर घेऊन त्यांनी हात सोडवून घेतला. दोन बोटं तिथंच राहिली.

साहेब पाहुण्यांना म्हणाले, "तुम्ही जीपमध्ये बसा."

चौकशी आठ दिवसांत झाली. साहेबांनी मला त्यांच्या खोलीत बोलावून खुर्ची दिली. चहा मागवला. टाईप केलेला कागद पुढं ठेवला. त्यात लिहिलं होतं की दुपारच्या उन्हाची पाण्यावर तिरीप असल्यामुळे बोया दिसून आला नाही. तसंच तो बोया खात्यानं मंजूर केलेल्या नमुन्याचा नव्हता, पाणबुड्यानं मनानं बनवला होता. तसंच खलाशानं सरकारी हँडलचं नुकसान केलं.

"तुमच्या करिअरची सुरुवात आहे," साहेब म्हणाले. "जरा वाचून घ्या आणि सही करा, प्लीज."

मी वाचलं. सही केली. चहासुद्धा प्यालो.

चाचांना निलंबित केलं. अप्पांना कामावरून काढलं. रोजंदारीचा माणूस, त्याला काढायला कागदही लागला नाही.

महिन्याभरानं, ऑफिस भरलेलं असताना, दारात अप्पा उभे राहिले. उजव्या हाताला मळकं बँडेज. डाव्या खाकेत तो बोया, हवा भरलेला, काठी चौकटीला अडत होती. ते सरळ माझ्या टेबलापाशी आले आणि बोया टेबलावर आदळला. शाईची दौत कलंडली, कागद खाली गेले. ताडपत्रीला अजून गाळाचा वास येत होता. बोयाच्या मागं मी पूर्ण झाकला गेलो.

"दिसतंय का?" अप्पा म्हणाले.

मी खाली वाकून कागद गोळा करायला लागलो.

"इंजिनेर, तुला इचारायलो. दिसतंय का?"

ते हेडक्लार्ककडे वळले. "तुला दिसतंय? तुला? तू तर खिडकीतनं रोज हसायचास. तवा दिसत व्हता का न्हाई?" सगळं ऑफिस ज्याच्या त्याच्या फायलीत डोकं घालून बसलं. अप्पांचा आवाज फाटला होता. "नेव्हीत असतो तर म्हनलो असतो, अंधार हुता, धुकं हुतं, समुद्र हाय. हितं? भर दुपारी? तुलाच पलीकडं हुबा करून रंग निवडला रे म्या! तुझ्याच डोळ्यांनी निवडला!"

कोपऱ्यातून शिपाई म्हणाला, "दिसतंय की अप्पा." त्या खोलीत तेवढा एकच माणूस निघाला.

साहेब दारात आले. शांतपणे म्हणाले, "यांना जरा बाहेर घेऊन जा." अप्पा स्वतःच गेले. बोया टेबलावरच राहिला. तो कुणी उचलायचा, यावर ऑफिसात दिवसभर कुजबुज चालली. शेवटी मी उचलला.

त्या आठवड्यात मी दुसरा जबाब लिहिला. चौकशीची भाषा कानडी, म्हणून कानडीत, स्वतःच्या हातानं, टाईप न करता. बोया दिसत होता. मला दिसत होता, साहेबांना दिसत होता, पाहुण्यांच्या मुलालाही दिसत होता. खाली माणूस आहे हे मला माहीत होतं आणि हँडल मी फिरवलं. तो कागद मी साहेबांकडे न देता वरच्या ऑफिसला पोस्टानं पाठवला. याबद्दल कुणी मला शूर म्हणू नये. एका महिन्यापूर्वी, किंवा अकरा फेऱ्यांपूर्वी, तोंड उघडलं असतं तर त्याला काही अर्थ होता.

त्या कागदामुळे एवढं झालं: चाचा परत कामावर आले. माझी मुदत सहा महिन्यांनी वाढली आणि मला गुलबर्ग्याकडे पाठवलं. साहेबांना बढती मिळाली. पुढच्या वर्षी सगळ्या धरणांना एक परिपत्रक आलं. पाणबुड्या पाण्यात असताना दरवाज्याच्या हँडलला कुलूप लावून किल्ली पाणबुड्याकडे द्यावी, बोया नारिंगी रंगाचा आणि पुरेसा मोठा असावा, रिकामा बोया पाण्यावर सोडू नये. खाली साहेबांची सही. एका बैठकीत त्यांच्या दूरदृष्टीबद्दल टाळ्या वाजल्या. मी तिथं होतो. टाळ्या वाजवल्या नाहीत, पण उठूनही गेलो नाही.

ते परिपत्रक खिशात घालून मी ठाणाकुशनूरला गेलो. मला काय हवं होतं कोण जाणे. बहुतेक हे सांगायचं होतं की बघा अप्पा, तुमचं सगळं मान्य झालं, आणि मग त्यांनी म्हणायचं होतं, जाऊ दे रे पोरा. असल्या आशेनं माणूस एवढा लांब एसटीनं जातो.

अप्पा अंगणात बसून डाव्या हातानं तुरीच्या शेंगा सोलत होते. मला पाहिलं आणि सोलत राहिले. त्यांच्या बहिणीनं, अक्कानं, घोंगडी टाकली आणि चहा ठेवायला आत गेली. मी परिपत्रक वाचून दाखवलं. त्यांनी ऐकलं. शेवटी सही कुणाची ते विचारलं. मी सांगितलं. त्यांनी शेंगांची पाटी उचलून अंगणभर फेकली. अक्का धावत बाहेर आली, बघून परत आत गेली. तिला सवय असावी.

मग मी म्हटलं, "अप्पा, मी दुसरा जबाब दिला. खरा."

"ऐकलं. चाचा सांगितला."

"मी चुकलो."

"व्हय."

त्यांनी पायापाशी पडलेली एक शेंग उचलून सोलली. मग त्यांनी विचारलं, "किती फेऱ्या मारलास?"

"अकरा."

"बरोबर. म्या बी अकराच मोजलो."

मला कळेना. ते म्हणाले, "पान्यात आवाज लई येतो. दांड्यातनं ठोका खाली येतो, दरवाज्याला हात लावला की कळतंय. पैल्या फेरीलाच कळलं चाचा न्हाई. चाचा थांबून थांबून फिरवतो, गुडघा दुखतो त्याचा. चाचाच्या बदली कदीमदी तूच फिरवायचास, अंग घालून, न थांबता. दुसऱ्या फेरीला कळलं, तू हाईस."

अक्कानं चहा आणून दोघांच्या मध्ये ठेवला. अप्पांनी पेला डाव्या हातानं माझ्याकडे सरकवला. माझ्याकडे पाहत नव्हते.

"तू हाईस कळल्यावर जरा बरं वाटलं मला," ते म्हणाले. "खोड हातावर चढायलं हुतं, पर वाटलं, आपला इंजिनेर हाय, ह्याला ठावं हाय मी खाली हाय, आता थांबल. तिसऱ्याला वाटलं थांबल. पाचव्याला वाटलं. धाव्या फेरीलाबी वाटलं रे."